वजा केलेली रेघ

सोलापूरच्या शिशुलय केंद्रात भिंतभर पडदा होता आणि त्यावर शहरातल्या सगळ्या नोंदणी झालेल्या बाळांच्या काळजाच्या ठोक्यांच्या रेघा सरकत असायच्या. डॉ. रेवती धामणस्कर त्या पडद्याकडे अभिमानाने बघत. बघणारच. हे ठोके टिपणारा लयमणी त्यांनीच तयार केला होता. बाळाच्या मनगटीत काळ्या मण्यांमध्ये तो ओवलेला, म्हणजे घरच्यांना काही खुपायलाच नको! एरवी दृष्ट लागू नये म्हणून घालतात, आता मोजमापासाठी घाला.

"अन्वर, हे पाचंगेंचं घर बघितलंत?" त्यांनी विचारलं. "सेविकेच्या भेटी वाढवल्या, तरी आई-बाळाच्या ठोक्यांचा लयमेळ घसरतोच आहे."

अन्वर मुजावर हे केंद्राचे संख्याशास्त्रज्ञ. मितभाषी, पण बोलले की टोचणारे. "भेटी वाढवल्या तेव्हापासून जास्त घसरतोय," ते म्हणाले.

"म्हणजे आईला जमत नाहीये." रेवती शेजारच्या नव्या अधिकाऱ्याकडे वळल्या. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागे. "तान्ह्या बाळाला स्वतःला शांत करता येत नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा ते शांतपणा उसना आणतं, ज्या माणसाच्या कुशीत असेल त्याच्या काळजाच्या ठोक्यांवरून. आई शांत, तर बाळाची रेघ तिच्या रेघेमागे शांत चालते. आई बिथरलेली, तर बाळही बिथरतं. असं महिनोन् महिने चाललं तर बोलणं, शिकणं सगळं रखडतं."

"आणि घरात आणखी कुणी असेल तर?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मणी खोलीतल्या सगळ्यांचे ठोके टिपतो. म्हणून भेटीला जाणारी सेविका स्वतःच्या मनगटावर वेगळा मणी बांधते. तिची रेघ ओळखायची आणि वजा करायची. ती पाहुणी. तिचा काय संबंध?"

रेवतींनी आदेश उघडला. मजकूर त्यांनीच लिहिलेला होता: ज्या व्यक्तीमुळे बाळाची लय बिघडते, तिच्यापासून बाळाला दिवसा दूर ठेवावे. खाली नाव होतं जयमाला पाचंगे, नातं आई. बाळाला दुसऱ्या दिवसापासून दिवसभर शिशुगृहात ठेवायचं होतं. अशा आदेशासाठी केंद्रप्रमुखाने एकदा प्रत्यक्ष घरी जावं, असा नियम होता. रेवतींनी सेविकेसारखाच वेगळा मणी मनगटावर बांधला आणि त्या निघाल्या.

जयमालाचं घर तिसऱ्या मजल्यावर. नवरा कारखान्यात पाळीवर गेलेला. दार उघडताच फिनेलचा वास आला. सोफ्यावर नवी चादर, बाळाच्या अंगात टोचऱ्या लेसचा फ्रॉक. उन्हाळ्यात! ठकू, म्हणजे ते आठ महिन्यांचं बाळ, लेस ओढत किरकिरत होतं. समोर पोह्यांची बशी, वर खोबरं-कोथिंबीर.

"बसा ना मॅडम. पंखा वाढवू?" जयमालाने बशी पुढे सरकवली.

"तुम्ही नेहमीसारखं खेळवा तिला. मी आहे असं समजूच नका."

जयमालाने खुळखुळा घेतला आणि माहितीपत्रकात दिलंय तसा उजवीकडून डावीकडे हलवला. "बघ ठकू, हा लाल रंग आहे. हा गोल आहे." परीक्षेत तोंडी उत्तरं द्यावीत तशी ती बोलत होती. रेवतींच्या हातातल्या पडद्यावर दोन्ही रेघा वेड्यावाकड्या उड्या मारत होत्या. ठकूने भोकाड पसरलं.

"काय चुकलं माझं?" जयमालाही रडायला लागली. "खरं सांगते, एरवी ही अशी नसते हो! तुमचा निरोप आला की मी आदल्या रात्रीपासून घर पुसत बसते. आधी तुमच्या सेविका कुंदाताई यायच्या ना, मणी नव्हता तेव्हा, मी त्यांची वाट बघायचे. इथे खाली फतकल मारून बसायच्या, हिला तेल लावून द्यायच्या, मला म्हणायच्या, तू जेव आधी. मणी आला आणि त्याही बदलल्या. सारख्या पडद्याकडेच बघतात. त्यांनाही गुण असतात म्हणे आमच्या रेघांवर."

असतात. ती कल्पनाही रेवतींचीच. वर्तमानपत्रात तिचं कौतुक छापून आलं होतं.

त्यांनी अन्वरना फोन लावला. "पाचंगेंच्या घरची आत्ताची नोंद पाठवा. वजाबाकी न करता."

"पाहुणीची रेघ ठेवून?" पलीकडून अन्वरनी विचारलं, "म्हणजे तुमची?"

"माझीच."

पडद्यावर तिसरी रेघ उमटली. रेवतींनी ती दारापासून वाचायला घेतली. बेल वाजवताना त्यांचे ठोके वाढले होते, कारण हे अवघड काम लवकर उरकायचं होतं. दार उघडल्यावर क्षणभराने जयमालाची रेघ त्याच वाटेने चढली, आणि तिच्यामागून ठकूची. पुढे खोलीत जे जे झालं, त्यात दर वेळी आधी पाहुणी, मग आई, मग बाळ.

"कुंदाताईंच्या भेटीही काढल्या मी," अन्वर म्हणाले. "सगळीकडे हाच क्रम आहे, डॉक्टर. आईसुद्धा उसनंच आणते. दारातून आत येणाऱ्याकडून. आपण जी रेघ फेकून देत होतो, तीच पुढे चालत होती."

रेवतींचे कान तापले. किती घरं? किती बाळं अशी आईपासून उचलून नेली आपण? त्यांना जयमालाकडे बघवेना. लाजेने पदरात तोंड खुपसावं असं वाटलं, आणि अंगात तर सूट होता.

"जयमाला, तुमचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं. मला फार लाज वाटतेय."

जयमालाने आधी बाळाच्या अंगातला तो फ्रॉक काढला. "म्हणजे हिला नेणार नाही ना?"

"नाही नेणार."

"आणि कुंदाताई येतील? मण्याशिवाय?"

"येतील." त्यांनी ठकूची मनगटी हळूच सोडवली. बाळ दचकलं, आईला बिलगलं. रेवतींचं काळीज अजून धडधडत होतं आणि त्याचा अर्थ आता त्यांना नीट कळत होता. पोह्यांचा एक घास खाऊन त्या उठल्या.

जिन्यात त्यांनी पुन्हा फोन लावला.

"आदेश रद्द करतो," अन्वर म्हणाले.

"नको. मजकूर बरोबर आहे. फक्त नाव बदला."

"कुणाचं घालू?"

वरून ठकूचं खिदळणं ऐकू आलं. रेवती कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"माझं," त्या म्हणाल्या.