पेनल्टीच्या ठिपक्यावरचं मीठ

"ओ मॅडम! काय टाकताय तिथे?"

मी दचकले. मुठीतलं मीठ अर्धं पेनल्टीच्या ठिपक्यावर, अर्धं माझ्या बुटांवर सांडलं. समोर एक उंच मुलगा, हातात पाण्याचा पाइप. डोळ्यांत राग होता... पण डोळे छान होते, खोटं कशाला बोलू?

"मीठ हाय. दिसत नाय?"

"मीठ?" पाइपच खाली पडला. "तीन महिने मी इथे हरळी लावतोय! माती बदलली, खत बदललं... आणि तुम्ही मीठ टाकताय?"

मला हसू आवरेना. हा प्रसाद, खांदेश्वरहून येणारा, आमच्या स्टेडियमच्या गवताचा नवा सुपरवायझर. आणि मी मंजुषा, करावे गावच्या मुलींच्या टीममध्ये पेनल्टी मारणारी.

"इथं मिठागर होतं," मी म्हटलं. "माझ्या बाबांनी गावातल्या पोरांना घेऊन भराव टाकला. सकाळी खाडीत मासेमारी, संध्याकाळी डोक्यावर मातीच्या पाट्या... दोन वर्षं! पहिल्या मॅचला रेषा मारायला चुना नव्हता, म्हणून मिठानेच आखल्या. हे स्टँड नंतर आले. तेव्हापासून दर मॅचआधी इथं मूठभर मीठ पडतंच."

सांगताना माझी मान आपोआप ताठ झाली. तो बघतच राहिला – मैदानाकडे की माझ्याकडे, कळेना.

"पण रविवारच्या मॅचला लीगचे साहेब येतायत," तो हळूच म्हणाला. "मिठाने गवताला पडलेलं हे टक्कल दिसलं तर इथे मॅच मिळणार नाहीत. आणि माझी नोकरी..."

पुढचे चार दिवस तो रोज काहीतरी विचारायला यायचा. पहिला गोल कोणी मारला? गोलपोस्ट कशाचे होते? उत्तरं बाबांकडे होती, पण विचारायचा मला.

रविवारी मी पहिल्यांदाच रिकाम्या हाताने मैदानात उतरले. त्याची नोकरी जायला नको होती. स्टँडमध्ये बसलेल्या बाबांकडे बघायची मात्र हिंमत होईना.

साहेब ठिपक्यापाशी वाकले. "इथे गवत का नाही?"

मी तोंड उघडणार, तोच प्रसाद पुढे झाला. "साहेब, हे मैदान करावेकरांनी मिठागर भरून स्वतःच्या हातांनी केलंय. पहिल्या रेषा मिठाच्या होत्या. इथे अजून मीठ पडतं, आणि मी पडू देणार."

माझ्या गावाबद्दल इतक्या अभिमानाने बाहेरचं कोणी कधी बोललंच नव्हतं. माझे डोळे भरून आले.

साहेब हसले. "पेनल्टीचा ठिपका पांढराच लागतो ना? फक्त मापात ठेवा."

ते पुढे गेले. प्रसादने खिशातून कागदाची पुडी काढली. मीठ!

"टाका, मॅडम."

"मॅडम नको... आणि ते 'टाका' पन नको."

तो लाजला. "मग... मंजुषा, आवडतेस तू मला."

"मीठ टाक ना गो!" स्टँडमधून बाबा ओरडले. "पोरी थांबल्यान!"

मी त्याचा हात धरला, पुडी उलटी केली. मीठ दोघांच्या हातांनी पडलं.

"तू पन मला," मी म्हटलं, आणि पळाले. मॅच सुरू व्हायची होती, आणि मैदान आमचं होतं.