दोन सुयांची चाल

“विणायच्या सुया मिळतील का… घटकाभर?”

मी वर पाहिलं. ताडपत्रीच्या कडेवरून पावसाचं पाणी नेमकं त्याच्या मानेवर गळत होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता! काखेतलं फिडल मात्र जाकिटात गुंडाळलेलं, कोरडं ठणठणीत.

“सुयांवर बाबांचा अर्धा मोजा आहे.”

“मग मोज्यासकट तुम्हीच चला ना.”

“वा! ओळख ना पाळख!”

“थॅड. पाइन फोर्कचा. झाली ओळख!”

मी हसू दाबलं. “मी डेसी. पण पाऊस थांबला की आम्ही निघणार. तंबूसुद्धा गाडीत गेलाय.”

“मग लवकर चल,” तो म्हणाला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही.

त्याची अडचण मात्र खरी होती. झेल्फीआत्याकडून, म्हणजे त्याच्या बाबांच्या आत्याकडून, तो एक जुनी चाल शिकला होता. डोंगरात आता दुसऱ्या कुणालाच ती येत नव्हती. एकानं फिडल वाजवायचं आणि दुसऱ्यानं त्याच तारांवर सुयांनी ठेका धरायचा. ठेका आत्याचा; पण आज तिचं मनगट सुजलं होतं. आणि मेळ्यातल्या वादन-स्पर्धेचा हा शेवटचा दिवस.

मी मोजा सुयांवरून उतरवला. सुटले टाके तर सुटले.

आत्यानं खुर्चीतूनच शिकवलं. “जवळ सरक गं! चावत नाही तो.”

“आणि चावला तर?”

“तर तूही चाव!”

थॅडचे कान लालभडक झाले.

मंचावर त्याची बोटं आणि गज यांच्यामधल्या वीतभर जागेत माझ्या सुया नाचू लागल्या. त्याचा श्वास माझ्या केसांत… चाल उड्या मारत निघाली.

आमच्या डोंगरातल्या वादकांत चाल संपवायची खूण एकच — म्होरक्यानं पाय उचलायचा. मी त्याच्या चिखलानं माखलेल्या बुटाकडे बघत होते. एक फेरी झाली, आणखी एक… बूट जागचा हलेना. परीक्षक खाकरले.

“पाय!” मी पुटपुटले.

“कुठला?”

“कुठलाही!”

शेवटी घंटा वाजली. वेळ संपली, आम्ही बाद!

आत्या मात्र हसता हसता डोळे पुसत होती. “वेळेत संपवायची असते रे गाढवा! पण वाजली… माझी चाल वाजली!”

“का नाही उचललास?” खाली उतरल्यावर मी विचारलं.

त्यानं आभाळाकडे पाहिलं. “पाऊस थांबत आला होता, डेसी. चाल संपली असती तर तू…”



“आता माझ्यासाठी एकदा नीट संपवा,” आत्या म्हणाली.

ताडपत्रीखाली आम्ही पुन्हा उभे राहिलो. पाऊस थांबला होता. चाल रंगात आली आणि पलीकडून आईच्या गाडीचा भोंगा वाजला. एकदा. दोनदा.

थॅडनं माझ्याकडे पाहिलं, कसंनुसं हसला आणि शहाण्यासारखा पाय उचलू लागला.

ठेका न चुकवता मी माझा पाय त्याच्या बुटावर ठेवला. घट्ट.