दारात लागलेली बोट

हसू नका रे. हसायचं असेल तर उठा आणि घरी जा. ऐकायचं असेल तर मधे बोलायचं नाही. आपला क्रेनवाला माहितीये ना? खोटं बोलायची अक्कलच नाही त्याला, म्हणून सांगतो.

नोव्हेंबरातला शेवटचा रविवार, रात्रीचे साडेअकरा. समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणारी बोट धक्क्याला कधी लागते, एवढंच त्याला बघायचं होतं. ती आली की क्रेन चालवायला जायचं. धाकटा भाऊ त्याच बोटीवर. मोबाइलच्या नकाशावर बोटीचा ठिपका दिसतो, खाली नाव, वेग, दिशा. फक्त कुठं चाललीय ते बोटीवरच्या माणसानं हातानं लिहायचं असतं, आणि ते काम धाकट्याकडे. तो एक नंबरचा आळशी! बोट निघाली विहिरीकडे, तरी नकाशावर आपलं 'धक्का'च. त्यावरून दोघांची कायम खडाजंगी.

त्या रात्री ठिपका हलेचना. ठिपक्याची शेवटची खबर संध्याकाळचीच. बाहेर वारा सुटलेला. ह्यानं बोटीच्या ऑफिसला फोन लावला.

"साहेब, तुम्हाला दिसतंय तेच आम्हाला दिसतंय."

"मग तिथं काय माश्या मारायला बसलाय?"

"लाइनवर राहा हं." आणि बासरी सुरू! भाऊ समुद्रात, आणि ह्याच्या कानात बासरी. असा संताप झाला त्याचा, की फोन आपटणारच होता. पण आपटला तर ठिपका कशात बघणार?

बायको म्हणाली, "अहो, मोबाइलवर बोट घासून बोट येणार आहे का?"

"तू गप्प बस!" खेकसला तिच्यावर. काळजी भावाची, आणि राग निघाला बिचारीवर.

दीडच्या सुमारास ठिपका हलला.

"आली! आली बघ!"

मग बघतो तर... धक्का मागे पडला. ठिपका जमिनीवर. मोठ्या रस्त्यानं. वेग, माणूस चालतो तेवढा.

"बिघडलंय हे," तो म्हणाला. त्याचं त्यालाच पटलं नाही.

दवाखाना गेला. शाळा गेली. गल्लीचं वळण...

खालचा 'धक्का' पुसला गेला होता. तिथं लिहिलं होतं, 'घर'.

वारा थांबला. ठिपका दारात थांबला.

कुणी हाक मारली नाही. कडी वाजली नाही. नुसतं... कुणीतरी उभं असल्यासारखं.

"तोच असेल गं," तो उठला.

बायकोनं हात घट्ट धरला. "अहो... बोट घेऊन कोण येतं घरी?"

नाही उघडलं त्यानं दार.

पहाटे ऑफिसचा फोन आला. बोट संध्याकाळीच बुडाली होती. बाकीचे सापडले. धाकटा नाही.

तेव्हा कुठे त्यानं दार उघडलं. ओसरीच्या खांबाला मनगटाएवढा जाड दोर बांधलेला. बोट धक्क्याला बांधतात तशी गाठ. दुसरं टोक पायरीवरून खाली... रस्त्यापर्यंत. पुढे तुटलेलं.

गाठ सुटत नाही. कापायला तो कुणाला देत नाही. उद्या उजेडी जाऊन बघा हवं तर, लांबूनच. मी परवा हात लावला होता. कडक ऊन होतं. दोर ओला होता.