हुपरीकरांची जनकचाचणी

एकशे सतरा वर्षांचे कादंबरीकार शशिकांत हुपरीकर बुटांच्या नाड्या बांधून कधीचे तयार होते, आणि त्यांची चौऱ्याऐंशी वर्षांची लेक मृणाल गुडघा धरून जिना उतरत होती.

"आटप गं, किती वेळ!" ते खालून ओरडले. सांगलीच्या त्या गल्लीत आता याचं कुणाला नवल वाटत नसे.

ही सारी करामत मात्रेची. थकलेल्या पेशींना पुन्हा कामाला लावणारं हे औषध दर पंधरा वर्षांनी टोचून घ्यावं लागे. नाही घेतलं, तर दोन महिन्यांत सगळं वय एकदम अंगावर येई. ते बनायचंच मुळी थोडं, म्हणून सरकारने ठरवलं, मात्रा फक्त नवं काही घडवणाऱ्यांना. शास्त्रज्ञ, गवई, चित्रकार, लेखक. बाकीच्यांनी आपलं वेळेवर मरावं! नियमात असं लिहिलं नव्हतं म्हणा, पण अर्थ तोच. मृणालचं हृदय दमलं होतं. तिला डॉक्टरांनी फार तर दोन वर्षं दिली होती.

हुपरीकरांनी स्वतः हातात पेन कधी धरलं नाही. ते सकाळी येरझाऱ्या घालत सांगायचे आणि घरातलं कुणी उतरवून घ्यायचं. आधी बायको, ती गेल्यावर मृणाल. त्यापायी तिने शाळेतली नोकरी सोडली, लग्नाचंही राहूनच गेलं.

हुपरीकरांच्या मागच्या मात्रेची पंधरा वर्षं आता भरत आली होती. मात्राकेंद्रात डॉ. इनाया मुजावर यांनी दोघांना बसवलं. "सर, तुमच्या नव्या कादंबरीतली वाक्यं अर्धीच ऐकवू. ज्याने वाक्य घडवलं, त्याचा मेंदू पुढचं आधीच गाठतो. नुसतं वाचणाऱ्याचा, अगदी पाठ करणाऱ्याचाही, तसा गाठत नाही. डोक्याला पट्टा बांधला की पडद्यावरची रेषा उसळते, त्यात ते दिसतं. यंत्राकडून कादंबऱ्या लिहून घेऊन मात्रा लाटणारे निघाले, म्हणून ही जनकचाचणी. तुलनेसाठी आमची नर्स बसेल."

"नर्स कशाला? हिला बांधा!" हुपरीकर खुशीत आले. "हिने शब्द न् शब्द उतरवलाय. बघा तरी, घडवणं आणि उतरवणं यात किती अंतर असतं!"

"नको, नाना," मृणाल घाईने म्हणाली.

"बस गं. लाजतेस काय!"

चाळीस वाक्यं झाली. हुपरीकरांची रेषा एकदाही हलली नाही. मृणालची दर वाक्याला उसळत होती. डॉक्टरांनी चाचणी पुन्हा घेतली, तरी तेच.

"ताई, ही कादंबरी कुणी लिहिली?"

मृणालने मान खाली घातली. "दहा वर्षं झाली. नाना जुन्याच कादंबऱ्यांमधलं सांगायला लागले. त्यांना कळत नव्हतं हो. तोंडावर सांगायचं तरी कसं? सकाळी ते सांगतील ते मी उतरवून घ्यायचे, दुपारी ते झोपले की मीच दुसरं लिहायचे. छापून आलं की नाना वाचून म्हणायचे, जमलंय."

"यंत्र बिघडलंय तुमचं!" हुपरीकर ओरडले. त्यांना लेकीचा राग नव्हता आला. ते घाबरले होते, मरणाला.

"यंत्र ठीक आहे, सर. मात्रा जनकाची, म्हणजे ताईंची. त्यांना वाटलं तर त्या आपला हक्क सोडून ती तुम्हाला देऊ शकतात."

मृणालने वडिलांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्यांच्याकडून काही हवं होतं. एकदाच म्हणा, तू घे. मग मी हसत तुम्हाला देईन, नाना.

हुपरीकरांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "माझ्या डोक्यात अजून दोन कादंबऱ्या आहेत गं, मृणाल."

मृणालने मनगट हळूच सोडवून घेतलं, आपली बाही वर सरकवली आणि हात डॉक्टरांपुढे धरला. तिला रडू फुटलं होतं. सुई आत गेली. हुपरीकर आ वासून बघत राहिले.

तिने दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वळली.

"दोन महिने आहेत, नाना. या वेळी तुम्ही सांगाल तेवढंच लिहीन, माझं एक अक्षरही घालणार नाही. सांगाल?"