न लिहिलेला जिना

सासऱ्यांनी चालायचं सोडलं, तेव्हा मी त्यांना खेळायला बसवलं. पाय घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण उठायची त्यांची इच्छाच गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, महिनाभरात उठले नाहीत तर पुढे कधीच उठणार नाहीत. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचा. मला ते बघवत नव्हतं. या घरात नवी होते, तेव्हा मला पहिल्यांदा हसवलं ते या बाबांनीच.

मी शब्दांचे खेळ लिहिते. त्यात चित्रं नसतात. पडद्यावर एखाद्या खोलीचं वर्णन येतं. आपण 'दार उघड', 'पुढे जा' असं टाइप करायचं, की गोष्ट सरकते. पुस्तकाला निदान मुखपृष्ठ तरी असतं, असं नवरा चिडवतो. मी बाबांच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला आणि समजावलं, की मी लिहिलंय तेवढंच यात घडतं. भलतं काही विचारलं तर खेळ म्हणतो, 'ते कळलं नाही.'

"म्हणजे आमच्या साहेबांसारखंच," बाबा म्हणाले.

दोन महिन्यांतली ती पहिली थट्टा. मला भरून आलं.

खेळ अगदी छोटा होता: तीन खोल्या आणि एक जिना. जिना मी नुसता शोभेला ठेवला होता. खाली काय आहे ते लिहायचा कंटाळा केला होता. 'खाली जा' म्हटलं की 'जिना बंद आहे' असं उत्तर यायचं. बाबा एका बोटाने टाइप करत तिसऱ्या दिवशी जिन्यापाशी पोचले. पण त्यांनी 'खाली जा' लिहिलंच नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी खाली हाक मारायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यांनी लिहिलं, 'खाली कोण आहे?'

'आहे मी. ये.'

बाबांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशी अख्खा प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. ते उत्तर कुठेच नव्हतं. लॅपटॉपला इंटरनेट जोडलेलं नव्हतं. शिवाय माझे खेळ सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतात.

मी तो खेळ तिथेच काढून घ्यायला हवा होता. पण त्याच संध्याकाळी बाबांनी वॉकर मागितला.

"खालचा म्हणतो, रोज एक पायरी," ते म्हणाले. "ती उतरायची, आणि इथे एक पाऊल टाकायचं."

मग तसंच सुरू झालं. पडद्यावर एक पायरी, खोलीत एक पाऊल. दुसऱ्या दिवशी आणखी एक. एकदा पडद्यावर आलं, 'भिंत ओली आहे. हात सांभाळ.' बाबांनी सहज हात सदऱ्याला पुसला. सदऱ्यावर ओला पंजा उमटला. खोलीत वंगणाचा वास येऊ लागला. मी खिडकी उघडी ठेवली आणि कोणाला काही बोलले नाही. बाबा पावलं टाकत होते, मला तेवढं पुरे होतं.

तेविसाव्या दिवशी ते काही न धरता स्वयंपाकघरात आले आणि उतू जाणारं दूध त्यांनी उतरवलं. मी ओट्याला टेकून रडले.

काल दुपारी ते नवऱ्याबरोबर फिरायला बाहेर पडले. मी त्यांच्या खुर्चीत बसले. लॅपटॉप समोर उघडाच होता. मला भीती वाटली नाही, नुसती कृतज्ञता दाटून आली होती. मी लिहिलं, 'तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. बाबांना तुम्ही उभं केलंत. हे उपकार कसे फेडू?'

'फेडते आहेस.'

मी उठायला गेले.

पाय हलले नाहीत.

दुखत नव्हते. बधिरही नव्हते. नुसते हलत नव्हते.

खाली फुटपाथवर बाबा झपाझप चालले होते, पावलं बाहेरच्या बाजूला फेकत, किंचित डुलत. त्या चालीवरून नवरा मला बदक म्हणतो. मला हाक मारवेना. इतके खुशीत चालले होते ते.

शेजारून चालणारा नवरा थबकला. तो क्षणभर त्यांच्या पायांकडे बघत राहिला. मग त्याने मान वर करून आमच्या खिडकीकडे पाहिलं.