इंदुताईंची अर्धी ओळ

इंदुताईंची गाणी म्हणताना मधे थांबायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

"आमच्या शेजारच्या दीक्षासोबत झालं हे. ऐकीव नाही गा," असं म्हणून देवरावांनी हुडकेश्वर वस्तीतल्या आपल्या गच्चीवर पोरांना अंधारात सांगायला सुरुवात केली.

नियम दीक्षाच्या वडिलांचा, प्रेमानंदांचा. ते एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत. वीस वर्षं तिथं गाणाऱ्या इंदुताई एका कार्यक्रमात ओळ अर्धी असतानाच कोसळल्या. पुन्हा उठल्या नाहीत.

गेल्या डिसेंबरातली अकरा तारीख, गुरुवार. दीक्षा रामदासपेठेतल्या एका हॉटेलात साउंड तपासायला निघाली. शनिवारी ती तिथं पहिल्यांदा गाणार होती. जुनीच सिनेगीतं, पण जॅझच्या ढंगानं. तालाच्या जरा मागं रेंगाळत, शब्दांमध्ये मोकळी शांतता सोडत. मॅनेजरला आवडलं, तर दर शनिवार तिचा. सोबत बाबा आणि ड्रमवाले गणपतराव.

रात्री पावणेअकराला हॉल रिकामा झाला. दीक्षानं इंदुताईंचं गाणं धरलं. ती जरा थांबली, की प्रेमानंदांची बोटं लगेच ती जागा भरून टाकत.

"बाबा, इथं काही वाजवू नका ना!"

"तिथं मोकळं नाही सोडत."

"काहून पण?"

"तुले विचारू नको म्हटलं ना वं!"

"गणपतकाका, तुमीच सांगा. वरात आहे का ही?"

गणपतराव हसले, पण काड्या काही थांबल्या नाहीत.

"असंच वाजवून राहिले, तर शनिवारी मले घरीच बसा लागते," दीक्षा भडकली. "हात उचला, बाबा. एकदाच."

प्रेमानंदांनी हात उचलले. काड्याही थांबल्या.

दीक्षा गायली. अर्ध्या ओळीवर थांबली.

शांतता...

डावीकडे कुणीतरी श्वास घेतला.

दीक्षाचं तोंड मिटलेलं होतं.

मग उरलेली ओळ आली. जुन्या वळणाची. अगदी तालावर.

"बाबा... कोण?"

प्रेमानंद कीबोर्डकडेच बघत राहिले.

"काका?"

गणपतरावांनी काडीनं डावीकडे दाखवलं.

डावीकडे कोरसचा माइक होता. त्याचा स्टँड दीक्षानं संध्याकाळी स्वतःच्या उंचीला लावून घट्ट आवळला होता. आता तो वीतभर खाली होता. पेच तसाच आवळलेला.

इंदुताई ठेंगण्या होत्या.

प्रेमानंद उठले, स्टँड वर ओढू लागले. "सामान भर वं. शनिवारी मी वाजवतो, तू न थांबता गाय."

"नाही." दीक्षानं त्यांचा हात बाजूला केला. "राहू द्या तो तसाच. मी थांबणार. जिथं थांबली, तिथंच. इतकी वर्षं तुमी इंदुमावशीले ओळ पुरी करू नाही दिली, बाबा. आता गाऊ द्या."