उंटावर एकच जागा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही.

भुतंखेतं मध्यरात्रीच येतात, असा माझाही समज होता. माझ्यासोबत जे घडलं ते रविवारी भर दुपारी, माझ्याच दुकानात, डोक्यावर दोन ट्यूबलाइट चालू असताना.

बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून गेलेल्या फाइल परत काढून देणं, हा माझा धंदा. लोक रडत येतात, हसत जातात. काही रडतच जातात.

त्या दिवशीची डिस्क मात्र घरची होती. माझ्या दादाची.

दादा पूल तपासायच्या कामावर होता. निम्मा महिना बाहेर. तेवढ्या रात्री पोरीला गोष्ट कोण सांगणार? म्हणून निघण्याआधी हा पठ्ठ्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायचा. सगळ्या स्वतः रचलेल्या आणि सगळ्यांत एक उंट. 'उंटावरचा शहाणा' म्हणून मी त्याला चिडवायचो.

अशाच एका दौऱ्यावर तो झोपेतच गेला.

त्याची मुलगी, आमची ठमी, पहिलीत आहे. तो गेल्यावरही ती रोज त्याच गोष्टी ऐकून झोपायची. मग एक दिवस कॉम्प्युटर बसला आणि पोरीची झोपच उडाली. डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत पडायची. चेहरा एवढासा झाला होता.

"भाऊजी, काहीही करा," वहिनी म्हणाल्या, "पण तिला तो आवाज मिळवून द्या."

मूळ डिस्कवर मी कधीच काम करत नाही. आधी तिची जशीच्या तशी नक्कल काढायची, मूळ डिस्क खणात ठेवायची आणि मग नकलेवर हात चालवायचा. तसंच केलं. अशा सापडलेल्या फाइलींची नावं गेलेली असतात, नुसते आकडे उरतात. म्हणून प्रत्येक फाइल शेवटपर्यंत ऐकावी लागते.

पहिली लावली.

"काय ठमाबाई, डोळे मिटले का?"

दादाचा आवाज. मी ढसाढसा रडलो. सख्ख्या भावासाठी रडायला लाज कसली?

पण मधेमधे आवाज गायब व्हायचा. खराब झालेल्या रेकॉर्डिंगला अशी भोकं पडतातच. मी ती सगळी कापली, गोष्ट सलग केली आणि मोठ्या ऐटीत वहिनींना फोनवरून ऐकवली.

"अहो भाऊजी, हे काय केलंत! ते प्रश्न विचारून थांबायचे. ठमीनं उत्तर द्यायचं, मगच गोष्ट पुढे. तेवढी जागा मुद्दाम सोडायचे ते."

घ्या! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. बरं, न कापलेली फाइल हाताशी होतीच. मी तीच पुन्हा लावली.

"...आणि उंट निघाला लांबच्या गावाला. पाठीवर एकच जागा आहे. कोण येतंय?"

शांतता.

मी थांबलो.

शांतताच.

सहज स्क्रीनकडे पाहिलं. फाइल केव्हाच संपली होती. स्पीकरमधून आता काहीच यायला नको होतं.

पण... कुणाचा तरी श्वास येत होता.

संथ. सवयीचा. उत्तराची वाट बघणारा.

मी स्पीकरची वायर उपटली. ती हातात लोंबकळत होती, आणि तरीही...

"तू येतोस?"

दादाच होता तो. लहानपणी मला सायकलवर डबलसीट न्यायचा, तेव्हा अगदी असंच विचारायचा. तोंडातून 'हो' निघतच होता. मी ओठ घट्ट मिटले.

बराच वेळ तो थांबला.

"बरं... मग ठमीला विचारतो."

मी नक्कल पुसली. खणातली डिस्क काढून हातोडीने फोडली. दादाचा आवाज माझ्याच हातांनी संपवला. वहिनींना सांगितलं, काहीच मिळालं नाही. त्यांनी नुसता फोन ठेवला.

आठवडाभर त्यांच्या घरी जायची हिंमत झाली नाही. मग एका दुपारी त्यांचाच फोन आला. आवाजात किती दिवसांनी हसू होतं.

"भाऊजी, ठमी झोपायला लागली हो! आपणहून. शाळेतून आली की लगेच पडते."

तसाच धावत गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. ठमीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी कान लावला.

"उंट!" ठमी म्हणाली.

मग शांतता.

"लांबच्या गावाला!"

पुन्हा शांतता. मला त्या शांततेची लांबी पाठ होती. मीच ती कापली होती.

मी दार किलकिलं केलं. खोलीत कॉम्प्युटर नाही, फोन नाही, काही नाही. ठमी डोळे मिटून पडली होती. उशीवर तिच्या शेजारी... कुणाचं तरी डोकं टेकावं तसा खळगा पडला होता.

"मी? नको बाबा, मला उंचावर भीती वाटते," ती म्हणाली. मग खुदकन हसली. "काका? हो, आलाय की. दारातच उभा आहे."

तिने डोळे उघडले.

"काका, बाबाच्या उंटावर एकच जागा आहे. तू येतोस का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. रोज दुपारी दुकान बंद करून तिच्या खोलीबाहेर जाऊन बसतो. वहिनींना वाटतं, काकाला पुतणीची किती माया!

'हो' म्हणायचा धीर होत नाही. आणि 'नाही' म्हणालो, तर तो पुन्हा कुणाला विचारेल, हे मला माहीत आहे.

काल ठमी म्हणाली, "काका, मला आता उंचावर भीती नाही वाटत."